नानांचं ‘हो’

आमच्या घरात नानांच्या ‘हो’ला काडीची किंमत नव्हती. नाना म्हणजे माझे वडील. भावंडांत थोरले, म्हणून सगळं गाव त्यांना नाना म्हणायचं आणि तेच आमच्याही तोंडी बसलं. ते तोफखान्यात हवालदार होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तोफेशेजारी उभं राहून काढली. निवृत्त होऊन येरवड्याला दोन खोल्यांचं घर घेतलं, तेव्हा उजवा कान पुरता गेलेला होता आणि डावा जायच्या वाटेवर होता. अशा माणसाला काही विचारलं की तो दर वेळी ‘काय?’ म्हणत नाही. त्याला लाज वाटते. तो तुमच्या तोंडाकडे बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, “हो.”

शाळेत असताना मी या ‘हो’चा पुरेपूर फायदा घेतला. सहलीला जाऊ? हो. मैत्रिणीकडे राहू? हो. शेवटी आईनं मला एकदा स्वयंपाकघरात गाठलं. “त्यांच्या ‘हो’वर नाचू नगंस,” ती म्हणाली. “ऐकू आलं तर ते कदी हो म्हनत्यात का?” हे अगदी खरं होतं. ऐकू आलं की नाना ‘बघू’ म्हणायचे, नाहीतर ‘कशाला?’. नीट ऐकून, समजून, एका दमात ते कशाला हो म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे घरचा नियमच होऊन गेला. नाना ‘कशाला’ म्हणाले तर बोलणी चालू ठेवायची आणि ‘हो’ म्हणाले तर त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन, मोठ्यानं, पुन्हा विचारायचं.

एकदा मी त्यांच्यासाठी पाटी आणली. म्हटलं, लिहून विचारू, घसा तरी वाचेल. नानांनी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि नेऊन पाण्याच्या माठावर झाकण घातली. “मी काय मुका आहे?” म्हणाले. ती पाटी पुढं कायम माठावरच राहिली.

त्या वर्षांत खराडीला शेतं संपून काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. प्रत्येक इमारतीला फाटक, फाटकाला पहारा, आणि पहाऱ्यावर माजी सैनिक हवा. नानांची छाती आणि मिशा बघून त्यांना थेट सुपरवायझर केलं. पुन्हा गणवेश आला, पुन्हा बूट चमकायला लागले, आणि आई उगाचच गॅलरीत उभी राहून त्यांना जाताना बघायला लागली. फक्त त्यांना एक वायरलेस दिला होता, तेवढंच वाईट झालं. नारळात पाणी आहे का बघावं, तसे ते तो डाव्या कानाशी हलवून बघायचे. वायरलेसवरून कुणी काही सांगितलं की उत्तर ठरलेलं: हो.

एके दिवशी कंपनीची बस मागं येत होती आणि नाना बसकडे पाठ करून तिच्या वाटेत उभे होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. कुणीतरी धावत येऊन त्यांना ओढलं म्हणून वाचले. संध्याकाळी तिथल्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. घरी येऊन नाना खुशीत म्हणाले, “साहेब भला माणूस आहे. चहा पाजला. बराच वेळ बोलत होता.” दुसऱ्या दिवशी पहाटे उठून, बूट घासून, ते कामावर गेले. फाटकावर त्यांच्याच हाताखालच्या पोरांनी त्यांना थांबवलं. साहेबांनी चहा पाजत ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगितलं होतं, आणि नाना नेहमीप्रमाणे ‘हो’ म्हणाले होते.

तिथून ते पायी घरी आले. गणवेश न काढता पलंगावर बसून राहिले. फाटकावर कुणीतरी म्हणालं होतं, ‘या बहिऱ्याला नेमलं कुणी?’ आणि नेमकं हे वाक्य त्यांना ऐकू आलं होतं. असं का होतं मला माहीत नाही, पण बहिऱ्या माणसाला असली वाक्यं बरोबर ऐकू येतात.

“मी बहिरा जन्माला आलो नाही,” ते म्हणाले. “माझ्या कानाला तोफ लागली. एवढं त्यांनी लिहून द्यावं.”

लष्करात अपंगत्वाचं वेगळं पेन्शन असतं, हे आम्हाला शेजारच्या एका सुभेदारांमुळे ठाऊक होतं. पैशांची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही, चांगलीच होती. पण नाना पेन्शन हा शब्द कधी काढायचे नाहीत. ते म्हणायचे, “लिहून द्यावं.” त्यांना एक ओळ हवी होती. मला तेव्हा वाटलं, ओळच तर हवी आहे, एक अर्ज केला की झालं. मी तेव्हा फार शहाणी होते.

काळ्या ट्रंकेत निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा कागद होता. बोर्ड म्हणजे लष्करी डॉक्टरांची समिती. जवानाला घरी पाठवण्याआधी ती त्याला तपासते आणि त्याचं दुखणं नोकरीमुळे आलं की नाही, ते ठरवते. हा कागद आमच्याकडे प्रसिद्ध होता. त्यावर इंग्रजीत बरंच काही होतं आणि खाली, ठसठशीत, चार अक्षरं होती: एन, ए, एन, ए. आई माझ्या अभ्यासाला बसून इंग्रजी मुळाक्षरं शिकली होती. तिनं त्या अक्षरांवर बोट ठेवून वाचलं होतं, ना-ना. तेव्हापासून गावाकडचं कुणी आलं की हा कागद बाहेर निघायचा. “बगा की, मिल्ट्रीतबी ह्यास्नी नानाच म्हनत हुते!” पाहुणे कौतुकानं मान डोलवायचे. नानांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते सैन्यात एन ए म्हणजे ‘लागू नाही’. दोनदा लिहिलं, कारण कान दोन. डॉक्टरसाहेबांनी मेहरबानी करून दोन्ही कान ठीक दाखवले, पुढं नोकरी मिळायला बरं, असं नानांनी मनाशी धरलं होतं.

तो कागद घेऊन मी आणि नाना माजी सैनिकांच्या कामाच्या एका कार्यालयात गेलो. तिथं एक कारकून होते, लष्करातले नव्हते, अस्सल पुण्याच्या पेठेतले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचला आणि विचारलं, “मग यात आपल्याला नेमकं काय कळलं नाही?” मी त्यांना ती चार अक्षरं दाखवली. घरी आम्ही वडिलांना याच नावानं हाक मारतो, हेही मूर्खासारखं सांगून टाकलं.

“अहो बाई,” ते म्हणाले, “लष्कर इतक्या प्रेमानं कुणाला हाक मारत नाही. नायदर अॅट्रिब्युटेबल नॉर अॅग्रॅव्हेटेड. नोकरीमुळे झालेलं नाही आणि नोकरीमुळे वाढलेलंही नाही. त्याची ही आद्याक्षरं. आपला अर्ज तेव्हाच निकालात निघाला आहे, फक्त आपल्याला आता कळतंय.”

इतकी वर्षं आम्ही ते लाडानं मिरवत होतो. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि तो त्या कारकुनांवर निघू नये म्हणून मी दात आवळून बसले. नाना माझ्या कोपराला हात लावून विचारत होते, “काय म्हणतो? काय म्हणतो?” त्या शांत खोलीत, बाकावर बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या देखत, मला ओरडून सांगावं लागलं, “तोफेमुळे झालेलं नाही म्हणतात!” मी चुकून त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते. नाना माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “हो.”

घरी येऊन आईला सांगितलं. पाहुण्यांना तो कागद त्यानंतर कधी दाखवला गेला नाही.

मग पत्रं सुरू झाली. नानांच्या नोकरीचे सगळे कागद दुसऱ्या शहरातल्या रेकॉर्ड ऑफिसात होते. आम्ही लिहायचं, त्यांनी पोच द्यायची, पुढं काही नाही. पुन्हा लिहायचं. वाळवंटात सरावाच्या वेळी एकदा नानांच्या कानातून रक्त आलं होतं आणि त्यांना तंबूतल्या इस्पितळात ठेवलं होतं. तो कागद मिळाला असता तर सगळं सोपं होतं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं की ठेवण्याची मुदत संपल्यामुळे त्या वर्षांतले इस्पितळाचे कागद नष्ट केले आहेत. भरतीच्या वेळी कान तपासले होते, तो कागद? तोही गेला. कारकुनांनी पत्र वाचलं, नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाले, “हे मात्र जपून ठेवा. कागद नष्ट केल्याचा कागद ओरिजिनल आहे.”

त्यांचा असा राग यायचा की काय सांगू. पण नानांचं काम नियमानं पुढं सरकवणारा माणूस तेवढा एकच होता. अपील कुठं करायचं, कसं करायचं, सगळं तेच सांगायचे, टोमण्यासकट.

एक कागद मात्र नष्ट झाला नव्हता. बोर्डाच्या दिवशी नानांनी दिलेला जबाब. त्याची प्रत टपालानं आली. छापील प्रश्न होते आणि पुढं कुणीतरी हातानं उत्तरं भरली होती. एक प्रश्न असा होता: ही तक्रार सैन्यात दाखल होण्यापूर्वी होती का? उत्तर होतं: येस. खाली नानांची सही, जशी ते करतात तशी, शेवटच्या अक्षराची शेपूट लांब ओढलेली.

मी कागद घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. “नाना, लष्करात जाण्याआधी तुमचे कान खराब होते?”

“कशाला?” ते म्हणाले. म्हणजे ऐकू आलं होतं. “गावात ओढ्याच्या पलीकडं कुणी शीळ घातली तर मला कळायची, कुणाची ती.”

“मग हे येस कसं?”

त्यांनी त्या शब्दाकडे पाहिलं. मग आठवून आठवून सांगितलं. मोठा हॉल होता, चड्डीवर उभ्या केलेल्या जवानांची रांग होती, डोक्यावर पंख्याचा आवाज होता, शेजारी कुणीतरी टाइप करत होतं. लिहून घेणारा मान खाली घालून विचारत होता. तोंड दिसत नव्हतं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? हां साब म्हणालो. शेजारी साहेब बसला होता.”

आई दारात उभी राहून ऐकत होती. “आगं बया,” ती म्हणाली, “म्हंजी ऐकू आलं न्हाई म्हनून हां म्हनलं, आन् हां म्हनलं म्हनून…” ती तिथंच उंबऱ्यावर बसली. घरातल्या पोरीसोरींना जे कळत होतं, ते त्या हॉलमध्ये कुणालाच कळलं नव्हतं. नानांनी हो म्हटलं, याचा अर्थ नानांना ऐकू आलं नाही. त्यांचं एकुलतं एक उत्तर त्यांच्या बहिरेपणाचा पुरावा होतं, आणि तेच त्यांच्याविरुद्ध गेलं होतं.

मी तेव्हा काय काम करत होते, ते इथं सांगायला हवं. अमेरिकेतले डॉक्टर रुग्ण तपासून झाले की त्याची हकीकत तोंडानं बोलून ठेवायचे. त्या आवाजाच्या फाइली इंटरनेटवरून आमच्या ऑफिसात यायच्या आणि आम्ही कानाला हेडफोन लावून त्या शब्दशः टाइप करायचो. पायाखाली एक पेडल असायचं. ते दाबलं की आवाज मागं जायचा, पुन्हा ऐकू यायचा. तिकडचे डॉक्टर जेवताना बोलायचे, गाडी चालवताना बोलायचे, जांभया देत बोलायचे. ते सगळं ओळखायला माझा कान इतका तयार झाला होता की ऑफिसात अडलेल्या फाइली माझ्याकडे यायच्या. दिवसभर परक्या माणसांचं पुटपुटणं ऐकायचं आणि घरी येऊन ओरडायचं, असं माझं आयुष्य होतं. कधी कधी नानांचे गेलेले कान मलाच चिकटलेत की काय, असं वाटायचं.

एकदा तिकडच्या एका म्हाताऱ्या सैनिकाची फाइल आली. तोही तोफखान्यातला. डॉक्टर कंटाळलेल्या आवाजात सांगत होता की कान गेले आहेत, कारण नोकरीत तोफांचा आवाज. बस. पुढं गुडघ्यांकडे वळला. मी पेडल दाबून ते वाक्य पुन्हा ऐकलं. मग पुन्हा. इतकं साधं वाक्य होतं ते. आम्हाला हवी होती ती ओळ मी स्वतःच्या हातांनी टाइप करत होते, आणि ती दुसऱ्याच्या नावावर जाणार होती. मला त्या परक्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

त्याच सुमारास कंपनीनं मला बंगळूरला यायला सांगितलं. नव्या मुलींना शिकवायचं काम होतं, बढती होती. मी रात्रभर नव्हे, पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही. नानांना घेऊन त्या कार्यालयात कोण जाणार? तिथलं बोललेलं त्यांना ओरडून कोण सांगणार? मी नाही म्हणाले, आणि नंतर कितीतरी दिवस बसमधून जाताना बंगळूरच्या खोल्या मनात लावत बसले. माझी तिथं एक खिडकीसुद्धा ठरली होती. हे मी घरी कधी बोलले नाही. बोलून कुणाला ऐकू जाणार होतं?

आम्ही केलेलं अपील मान्य झालं नाही, पण अगदी फेटाळलंही नाही. नानांना पुन्हा बोर्डापुढं यायला सांगितलं. पुण्यातल्याच लष्करी इस्पितळात. आमच्या घरात परीक्षेचं वातावरण झालं. काय विचारतील याचा मी कारकुनांकडून अंदाज घेतला आणि चार प्रश्न काढले. आता कमी ऐकू येतं का? हां साब. तोफेवर ड्यूटी केली का? हां साब. भरतीच्या आधी त्रास होता का? नहीं साब. घरात कुणी बहिरं आहे का? नहीं साब. आई साहेब व्हायची. पदर खोचून, खुर्चीत ताठ बसून ती विचारायची, “सांगा, जवान!” आणि मग तिलाच हसू फुटायचं. नानांना मात्र हसू येत नव्हतं. हां, हां, नहीं, नहीं. कवायतीसारखं त्यांनी ते बसवलं. गॅलरीत येरझारा घालताना, दाढी करताना, त्यांचे ओठ हलायचे. हां, हां, नहीं, नहीं. डाव्या कानासाठी एक ऐकायचं मशीनही घेतलं. ते शीळ घालायचं म्हणून नानांना आवडत नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी ते मुकाट्यानं लावलं.

इस्पितळात आधी यंत्रावर कान तपासले. तपासणीसाठी मशीन काढायला लावलं, ते नानांनी शर्टाच्या खिशात ठेवून वरून बटण लावलं. तपासणी झाल्यावर त्यांना तसंच शेजारच्या खोलीत नेलं. मी बाहेर बाकावर होते. त्या खोलीला दार नव्हतं, हिरवा पडदा होता. ‘मशीन लावा’ असं ओरडायला मी उठले, तोवर ते आत गेले होते आणि पडद्याशी उभा असलेला जवान म्हणाला, “मॅडम, अंदर मना है.”

आतल्या साहेबांचा आवाज मऊ होता. दुसऱ्या कुणाला तो बाकापर्यंत ऐकू आला नसता. मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“भरती होने से पहले कान की कोई तकलीफ थी?”

“हां साब!” नाना खणखणीत म्हणाले.

साहेबांनी आमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली होती.

“परिवार में किसी को बहरापन?”

“हां साब!”

“तोप पर ड्यूटी की है?”

“नहीं साब!”

“अब सुनने में दिक्कत है?”

“नहीं साब!”

मी त्या जवानाच्या हाताखालून पडदा सारून आत घुसले. “साहेब, त्यांना ऐकू येत नाही! त्यांचं मशीन खिशात आहे!” साहेब तरुण होते, माझ्याच वयाचे असतील. ते चिडले नाहीत. उलट त्यांनाही शेवटचं उत्तर विचित्र वाटलं असावं, कारण यंत्राचा आलेख समोरच पडलेला होता. त्यांनी मशीन लावायला सांगितलं. नानांना बटण निघेना. मी काढलं, तर घाईत मशीनचा सेल निसटला आणि टेबलाखाली कुठंतरी घरंगळत गेला. मी गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. बाहेर रांग वाढत होती.

“रहने दीजिए,” साहेब म्हणाले. “मैं जोर से पूछ लेता हूं.” आणि त्या भल्या माणसानं नानांकडे वळून, सगळा आवाज लावून विचारलं, “भरती से पहले तकलीफ थी?”

नानांनी काय पाहिलं असेल, ते मला टेबलाखालूनही कळलं. मुलगी जमिनीवर बसलेली, आणि एक अफसर आपल्यावर ओरडतोय. त्यांनी टाचा जुळवल्या. टाचांचा आवाज माझ्या कानाशीच झाला. “हां साब!”

ओरडणाऱ्या अफसरासाठी त्यांच्याकडे आयुष्यभर दुसरं उत्तर नव्हतंच.

मी उठून म्हणाले, लिहून विचारा, मराठीत लिहा, ते वाचतात, मी सांगते काय ते. बरंच काही बोलले. साहेबांनी शांतपणे जुन्या जबाबाची प्रत काढली आणि माझ्यासमोर धरली. “जवाब उन्हीं का लिखा जाता है, आपका नहीं. और देखिए, पहले भी यही कहा था. दोनों जवाब मिलते हैं.” हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, असं मला दिसलं.

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीशी बसले होते. बऱ्याच वर्षांत मी त्यांना इतकं मोकळं बघितलं नव्हतं. बंडगार्डनचा पूल आला तसे ते माझ्याकडे वळले. “चारही बरोबर सांगितले,” सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. “हां, हां, नहीं, नहीं. एकही चुकला नाही. तू आत का आलीस उगाच? साहेबाला काय वाटलं असेल?”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, “हो.”

मला खरं सांगता आलं नाही. बसमध्ये आलं नाही आणि घरी गेल्यावरही आलं नाही. आईला मी सगळं सांगितलं. तिनं नानांच्या पानात शिरा वाढला आणि स्वतः न जेवता उठली.

बोर्डाचा निकाल पावसाळा सरल्यावर आला. पाकीट आईनं उघडलं. तिला आता वाचायला माझी गरज नव्हती. ती चार अक्षरं तिनं बोट न ठेवता वाचली आणि कागद माझ्या हातात दिला. नाना पलंगावर बसून आमच्याकडे बघत होते. मी मान हलवली, आडवी. तेवढं त्यांना कळलं. ते म्हणाले, “सगळं बरोबर सांगून? माझं काही चुकलं होतं का?”

“नाही!” मी ओरडले. “तुमचं काही चुकलं नाही, नाना!”

ते माझ्याकडे बघतच राहिले. आई हळूच म्हणाली, “आता सोड म्हनावं. किती दिस ह्यात घालवायचं? तुजंबी वय जातंय. इचार त्यास्नी.” कारकुनांनी आधीच सांगून ठेवलं होतं की इथून पुढं फक्त कोर्ट आहे, आणि कोर्टात गेलात तर आपलं पेन्शन सुरू व्हायला आपल्या नातवाला जावं लागेल. मला ते पटत होतं. बंगळूरची जागा अजून पुरती भरली नव्हती, हेही मला माहीत होतं.

मी नियमाप्रमाणे नानांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. मशीन त्यांनी लावलेलं होतं. अगदी कानाशी तोंड नेऊन, जितकं मोठ्यानं बोलता येईल तितक्या मोठ्यानं मी विचारलं, “नाना, बास करायचं का आता?”

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. “हो,” म्हणाले.

आईनं सुस्कारा सोडला. पण मला ते ‘हो’ खटकलं. नानांनी एका दमात हो म्हणावं? मी पुन्हा तोंड कानाशी नेलं आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, “का पुढं जायचं? कोर्टात?”

“हो,” नाना म्हणाले. तशीच मान हलवून, तसंच माझ्या तोंडाकडे बघत.

आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. डावा कान कधी गेला, ते आम्हाला कळलंच नव्हतं. तो बोर्डाआधी गेला की नंतर, हेही आता कुणाला सांगता येणार नव्हतं. माठावर पाटी होती. ती घेऊन लिहून विचारावं असं मनात आलं, पण ‘पुरे’ असं उत्तर आलं तर ते मला वाचून सोसलं नसतं, आणि ‘पुढं’ असं आलं तर तेही नाही.

लष्करानं त्यांचं ‘हां साब’ दोनदा पुरावा म्हणून धरलं होतं. मग मीही एक धरलं. दोनातलं दुसरं, कोर्टाचं. ट्रंक ओढून काढली आणि सगळे कागद पहिल्यापासून लावायला घेतले. नाना पलंगावरून बघत होते. मध्येच ते मोठ्यानं म्हणाले, “काय करते आहेस?”

मी मान हलवून म्हणाले, “हो.”